आबांचे बूट

दर रविवारी सकाळी लेस्टरहून नातवाचा फोन येतो. एरवी त्याचे विषय ठरलेले. क्रिकेट, तिथली हवा आणि आजीची थालीपिठे. पण एका रविवारी त्याने ‘कसे आहात’ एवढे विचारून झाल्यावर एकदम प्रश्न टाकला, ‘‘आजोबा, तुमच्या आबांच्या बुटांच्या तळाला खिळे किती होते?’’

आपण काहीतरी चुकीचे ऐकले, असे मला आधी वाटले. पण त्याने प्रश्न पुन्हा विचारला. खिळे किती, टाचेला नाल होती का, चामडे गुळगुळीत होते की दाणेदार, नाड्या कातडी होत्या की सुती? आबा म्हणजे माझे वडील, त्याचे पणजोबा. मराठा पलटणीतून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. नातवाने त्यांना पाहिलेलेही नाही. तो जन्मला २००३ साली, आबा गेले १९८९ मध्ये.

बूट मला चांगले आठवत होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी, माळ्यावर, कणगीच्या मागे ते गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असत. सात-आठ वर्षांचा असताना एका दुपारी मी ते खाली काढले आणि त्यांत पाय घालून ओसरीवर चाललो. शहाबादी फरशीवर असा काही खडाखडा आवाज झाला की आई चुलीपुढून धावत आली. आवाज आजही कानांत आहे. खिळे मात्र मी मोजले नव्हते.

आणि आता मोजायचे कुठून? आबा गेल्यावर घराची डागडुजी काढली, तेव्हा माळा साफ केला. तुटक्या कंदिलाबरोबर आणि गंजलेल्या घमेल्याबरोबर ते बूटही मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकले. त्या सगळ्याचे मिळून किती पैसे आले, तेही आठवत नाही.

हे नातवाला सांगताना जीभ अडखळली. पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग तो समजूतदारपणे म्हणाला, ‘‘ठीक आहे आजोबा. नवे करून घेऊ.’’

टाके मोजणारी माणसे

नातवाला लागलेले वेड मला कळायला थोडा वेळ लागला. तिकडे त्याला ‘रीएनॅक्टमेंट’ म्हणतात. इतिहासातला एखादा काळ निवडायचा, त्या काळच्या सैनिकांचे कपडे, पट्टे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या जशाच्या तशा करून घ्यायच्या आणि सुटीच्या दिवशी एखाद्या माळावर तंबू ठोकून ते आयुष्य जगून पाहायचे. ब्रिटनमध्ये ‘सील्ड नॉट’ नावाची संस्था १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी सुरू केली. राजा चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातले सतराव्या शतकातले यादवी युद्ध ही मंडळी दरवर्षी नव्याने ‘लढतात’. अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धाची शताब्दी १९६१ पासून साजरी झाली, तेव्हापासून हे वेड तिथेही पसरले. कुणी रोमन होतो, कुणी नेपोलियनचा शिपाई होतो. माझा नातू दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांचा गणवेश करू पाहणाऱ्या चार-पाच मित्रांच्या गटात सामील झाला होता.

हे ऐकून मला आधी हसू आले आणि मग थोडा रागही आला. युद्ध हा काय खेळ आहे? पण गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो तेव्हा नातवाने मला अशा एका मेळाव्याला नेले आणि माझे मत निम्मे तरी बदलले. बंदुका उडवण्यापेक्षा ही माणसे किती तरी जास्त वेळ टाके मोजण्यात घालवतात. अक्षरशः मोजतात! बाहीच्या शिवणीत इंचाला टाके किती, यावर दोन प्रौढ माणसे अर्धा तास हुज्जत घालत होती.

त्यांतही सगळ्यांत मोठी डोकेदुखी पायताणाची. सदरा कुणीही चांगला शिंपी शिवून देईल. टोपी, पट्टा जमून जाईल. बुटाचे तसे नाही. जुने अस्सल बूट ऐंशी वर्षांचे झाले. चामडे वाळून लाकूड झालेले, दोरा कुजलेला. घालून दोन मैल चालले की तळ सुटून हातात येतो, आणि एक जुनी वस्तू कायमची जाते ती वेगळीच. शिवाय जुने जोड बहुधा लहान मापाचे मिळतात. म्हणून नवे ‘जुने बूट’ करावे लागतात. जुन्या नमुन्यावर हुकूम नवे पायताण करण्याचा हा एक धंदाच आता उभा राहिला आहे.

आणि बुटात चूक झाली तर ती लपत नाही, कारण बूट फक्त दिसत नाही, तो चालतो. मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकाराने १९८५ साली रोमन सैनिकांची शस्त्रे, ओझे आणि खिळे मारलेली चामडी पायताणे जशीच्या तशी करून घेतली आणि काही सहकाऱ्यांना घेऊन तो इटलीतल्या व्हेरोनापासून आल्प्स ओलांडून जर्मनीतल्या आउग्सबुर्गपर्यंत चालत गेला. ग्रंथालयात बसून जे कळत नाही ते पायाला फोड आला की कळते. त्या रोमन पायताणाचे नाव ‘कालिगा’. लष्करी छावणीत वाढलेल्या एका लहान मुलाला शिपायांनी लाडाने त्यावरून ‘कालिगुला’, म्हणजे ‘छोटा बूट’, असे नाव ठेवले. पुढे तो सम्राट झाला आणि क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध झाला, पण नाव बुटाचेच राहिले.

मेळाव्यात एका दुकानात लाकडी फळीवर बुटांचे जोड ओळीने मांडले होते. नातवाने त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला आणि मला ओसरीवरची ती दुपार आठवली. ब्रिटिश लष्करात याला ‘अम्युनिशन बूट’ म्हणत. लंडनजवळच्या वूलिच येथील दारूगोळ्याच्या खात्यामार्फत त्याची खरेदी होई, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, जाड काळ्या चामड्याचा, बोटांवर चामड्याची टोपी असलेला. तळ चामड्याचाच, दुहेरी. टाचेला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी नाल, पुढच्या टोकाला पत्री आणि मध्ये जाड डोक्याचे खिळे. मी पहिल्यांदा ते मोजले. तेरा होते.

दुकानदार नकलेतले दोषही मोकळेपणाने सांगत होता. अस्सल बुटाचे चामडे दाणेदार असे. नकलेत पुष्कळदा गुळगुळीत चामडे येते, कारण ते दिसायला चकचकीत. बुटाची जीभ चुकीची कापली जाते. पुढची टोपी फुगीर होते. आणि सर्वांत मोठा दोष फर्म्याचा. फर्मा म्हणजे ज्या लाकडी पावलावर बूट चढवून शिवतात ते पाऊल. फर्मा आजच्या बुटाचा वापरला, तर वरचे टाके कितीही अचूक असोत, बुटाची चण आजचीच दिसते. जोडाची किंमत शंभर पौंडांच्या वर होती. मी आतली चिठ्ठी पाहिली. तिच्यावर लिहिले होते, ‘भारतात तयार केलेले’.

हिरडा, बाभूळ आणि बंदर

त्या चिठ्ठीत नवल वाटण्यासारखे काही नव्हते, हे मला पुढे कळले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती आणि त्यांच्या पायांत घालायला बूट लागत होते. कानपूरला सरकारी खोगीर कारखाना १८६०च्या दशकातच निघाला होता. त्यापाठोपाठ ‘कूपर ॲलन’सारख्या कंपन्यांनी तिथे लष्करी बुटांचे मोठे कारखाने काढले. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचे ते बूट पहिल्या महायुद्धापासून जगभर गेले. इथल्या लष्करी मालावर ब्रिटिश सरकारचा बाणाचा छाप आणि त्याखाली हिंदुस्थानचे इंग्रजी आद्याक्षर असे. म्हणजे इंग्रज मंडळी आज आपल्याकडून जी नक्कल करून घेतात, तिचे मूळही काही अंशी आपल्याकडचेच आहे.

इंग्लंडमध्ये याच धंद्याचे माहेर नॉर्दॅम्प्टन परगणा. लेस्टरपासून फार लांब नाही. तिथल्या वस्तुसंग्रहालयात पायताणांचा प्रचंड संग्रह आहे. नातवाबरोबर तो पाहायला गेलो तेव्हा एक गोष्ट समजली, ती मी इथे मुद्दाम नोंदवतो. या परगण्यात रॉन्ड्स नावाचे एक गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या लष्करासाठी बूट शिवत. ठेकेदार ठरल्यापेक्षा कमी मजुरी देऊ लागले, तेव्हा १९०५ सालच्या मे महिन्यात सुमारे एकशे पंधरा मोची जेम्स ग्रिबल नावाच्या पुढाऱ्यामागे रांगेने चालत लंडनला निघाले. मागणी एकच. लष्करी बुटाच्या शिलाईचा दर ठरवून द्या. ग्रिबलला लोक ‘जनरल’ म्हणत. युद्धखात्याने दाद दिली नाही, तेव्हा त्याने पार्लमेंटच्या प्रेक्षक गॅलरीत उभे राहून आपले गाऱ्हाणे मोठ्याने मांडले आणि त्याला बाहेर काढण्यात आले. पुढे चौकशी झाली आणि दर ठरले. सैनिक पायी चालतात हे आपण वाचतो. सैनिकांचे बूट शिवणारेही एकदा पोटासाठी पायी चालले होते, हे कुणी सांगत नाही.

या गोष्टीत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. चामडे कमावण्यासाठी हिरडा लागतो. आपल्या डोंगरांतला हिरडा मुंबई इलाख्यातून जहाजे भरभरून विलायतेला जात असे. तिकडच्या कातडी बाजारात हिरड्याच्या प्रतींना आपल्याकडच्या ठिकाणांची नावे होती. त्यातल्या एका प्रतीचे नाव चक्क ‘व्हिंगोर्ला’, म्हणजे आपले वेंगुर्ला बंदर! म्हणजे विलायतेत शिवलेल्या एखाद्या बुटाच्या चामड्यातही रानात हिरडा वेचणाऱ्या कुणा बाईच्या ओंजळीतला हिरडा मुरलेला असू शकेल.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, म्हणून केवढा गदारोळ झाला. तेव्हा मला त्या दुकानातली चिठ्ठी आठवली. नक्कल करण्यात पाप नाही. नमुना बघून नवे करणे ही कारागिरीची जुनी रीतच आहे. गैर आहे ते हे की वस्तू पुढे जाते आणि हात मागे राहतात.

अनवाणी पलटण

नातवाने अखेर एक जोड घेतला. आता प्रश्न आला तो रुळवण्याचा. पहिल्याच दिवशी चार मैल चालून त्याच्या टाचांची सालटी निघाली. ‘‘आजोबा, आबांनी काय केलं होतं?’’ याचे उत्तर मला ठाऊक होते. आबा सांगत की नव्या बुटात रात्री भिजवलेले हरभरे भरून ठेवायचे. हरभरे फुगतात, चामडे ताणते. मग तेल चोळायचे. कोल्हापुरी वहाणेलाही आपण तेल पाजतोच की. लेस्टरच्या स्वयंपाकघरात माझ्या मुलीच्या देखत आम्ही आजा-नातवांनी दोन बुटांत किलोभर हरभरे भरले. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

पण हरभऱ्यांनी एक गोष्ट ताणता येत नाही. नातवाचा पाय जन्मापासून बुटात वाढलेला आहे. आबा १९४० साली अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाले, तोवर त्यांनी पायात फक्त वहाण घातली होती, तीही सणावारी. बाकी अनवाणी. त्यांच्या पावलाची बोटे हाताच्या पंजासारखी पसरलेली होती. ‘रंगरूट असताना कवायतीपेक्षा बूट जास्त जड गेले,’ असे ते म्हणत. आमच्या मुलखातल्या कितीतरी पोरांच्या आयुष्यातला पहिला बूट सरकारने दिलेला होता. नकलेत सगळे आणता येते. तो पसरट पाय कुठून आणणार?

इटलीबद्दल आबा फार बोलत नसत. त्यांची पहिली मराठा बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत उतरली. मग नद्याच नद्या. त्रिन्यो, सांग्रो आणि शेवटी सेनिओ. ‘बूट कधी वाळलेच नाहीत,’ एवढे एकच वाक्य त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले. ओल्या बुटात दिवसेंदिवस राहिलेला पाय सुजतो, बधिर होतो, कातडी पांढरी पडून सुटू लागते. आबांच्या उजव्या पायाची दोन नखे पुन्हा नीट आलीच नाहीत.

त्याच बटालियनमध्ये नामदेव जाधव होते, अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी, कंपनीचा निरोप्या असलेल्या या शिपायाने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले आणि पुन्हा परत जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले आहे. हे पराक्रम आपण शाळेपासून ऐकतो. पण तेरा खिळ्यांचा, पाण्याने शेरभर जड झालेला बूट पायात चढवून ओल्या दगडावर एकदा उभे राहून पाहा. मी राहिलो. लेस्टरच्या अंगणातल्या भिजल्या फरशीवर दोन पावलांतच माझा पाय सरकला आणि नातवाने दंड धरला म्हणून वाचलो. नदीच्या उभ्या बांधावरून खांद्यावर माणूस घेऊन चढणे म्हणजे काय, हे त्या दोन पावलांत मला जेवढे कळले तेवढे वाचून कळले नव्हते. या छंदावरचा माझा उरलासुरला राग त्या दिवशी गेला.

चावडीपुढून

तरीही एक गोष्ट सांगायची राहिली होती. नातवाला सगळे ‘हुबेहूब’ हवे होते. मग ती गोष्ट सांगायची की नाही? दोन रात्री मला झोप आली नाही.

गोष्ट अशी. लढाई संपून आबा १९४६ च्या उन्हाळ्यात घरी आले. पंधरा दिवसांनी गावातला आणखी एक शिपाई परतला. तो तेव्हाच्या महारवाड्यातला. महारांची लष्करभरती ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. पहिल्या महायुद्धात ती थोडा काळ उघडली, पुन्हा बंद झाली आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा हा तरुण त्यात गेला. त्याने वायव्य सरहद्दीवर नोकरी केली. आबांच्या आणि त्याच्या पायांत बूट एकाच नमुन्याचे होते. तीच नाल, तेच खिळे.

पण गावातली रीत वेगळी होती. महारवाड्यातल्या माणसाने चावडीपुढून जाताना पायताण काढून हातात घ्यायचे. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती, पण आमच्या गावाला त्याचे वारे लागले नव्हते. तो तरुण वेशीतून आत आला आणि बूट वाजवीत चावडीपुढून निघाला. चार-पाच वडीलधाऱ्यांनी त्याला अडवले. त्यात माझे आजोबाही होते. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बूट सरकारी हाईत. उतरवायचा हुकूम सरकारचा लागंल.’’

आबा चावडीच्या पायरीवर बसले होते, पायांत तेच बूट घालून. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पलटणीत राहून आलेला, जग पाहिलेला माणूस, हा काय बोलतो? आबा काही बोलले नाहीत.

तो तरुण बूट न काढताच गेला. पण त्यानंतर त्याच्या घराला दुकानातून माल मिळेना, गिरणीत दळण मिळेना. चार महिन्यांत तो पुण्याला निघून गेला. खडकीला त्याला नोकरी मिळाली असे म्हणतात. आबांनी आपले बूट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि पुन्हा कधी घातले नाहीत. माझ्या लग्नातही ते साध्या वहाणेवर होते. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी ही हकिगत एकदाच सांगितली आणि शेवटी म्हणाले, ‘‘तवा बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोललो. मग ते बूट घालून कुनाम्होरं मिरवायचं?’’

मला ही गोष्ट ठाऊक होती. तरी मी ते बूट भंगारात टाकले. की ठाऊक होती म्हणूनच टाकले? याचे उत्तर मी स्वतःला अजून देऊ शकलेलो नाही.

नातवाला मी सगळे सांगितले. तो खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या ओवत होता. हात थांबवून त्याने विचारले, ‘‘त्या दुसऱ्या आजोबांचं नाव काय होतं?’’

मला फक्त टोपणनाव माहीत होते. एवढ्या वर्षांत पूर्ण नाव विचारावे असे मला एकदाही वाटले नव्हते. चामडे कमावणाऱ्याचे नाव नाही, बूट शिवणाऱ्याचे नाही, आणि ज्याने ते बूट साऱ्या गावात सगळ्यांत हिमतीने घातले त्याचेही नाही. माझ्या नातवाच्या त्या टाके मोजणाऱ्या मित्रांना मी हसलो होतो. निदान त्यांना मोजण्याची सवय तरी होती.

परत आल्यावर मी गावी गेलो. बुद्धविहाराजवळ त्यांच्या भावकीतले एक घर आहे, तिथे विचारपूस केली. तिथून पुण्याचा पत्ता मिळाला. त्यांची नात बँकेत नोकरीला आहे. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगताना मला घाम फुटला होता. तिने शांतपणे ऐकून घेतले. चहा केला. आबा पायरीवर बसले होते ही गोष्ट तिच्याही घरात सांगितली जात होती, फक्त ती त्यांच्या बाजूने. ‘‘आजोबा म्हणायचे, तो पलटणवाला नुसता बघत बसला,’’ ती म्हणाली. मी मान खाली घातली. बोलण्यासारखे काही नव्हते.

मग तिने आतून एक फोटो आणला. पुण्याच्या एखाद्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, कमान आणि कुंडी. मध्ये सैनिकी पोशाखातला पंचविशीचा तरुण, छाती काढून उभा. आणि फोटोग्राफरने पाय कापलेले नव्हते. बूट पूर्ण दिसत होते. दाणेदार चामडे, बोटांवरची टोपी, आडव्या ओवलेल्या नाड्या, घोट्यापाशी पडलेल्या दोन ठळक वळ्या. नातवाने त्या रविवारी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिथे होती.

तिच्या परवानगीने मी त्या फोटोची प्रत नातवाला पाठवली. मेळाव्यात ही मंडळी आपले सामान घोंगडीवर मांडून ठेवतात आणि शेजारी माहितीचे कार्ड लावतात. त्याच्या बुटांशेजारच्या कार्डावर आता दोन नावे आहेत. चावडीची हकिगत चार ओळींत आहे, आबा बोलले नाहीत या वाक्यासह. ते वाक्य ठेवू का, असे त्याने मला विचारले होते. मी ठेव म्हणालो. दुसरे नाव मी इथे छापत नाही. ते आधी त्यांच्या घरच्यांचे आहे आणि त्यांनी कार्डापुरतीच परवानगी दिली आहे.

गेल्या रविवारी त्याचा नेहमीसारखा फोन आला. फोटो मोठा करून पाहिला, नाड्या बदलून घेतल्या, असे सांगत होता. मग म्हणाला, ‘‘आजोबा, तळाला खिळे किती ते मात्र फोटोत दिसत नाही.’’

खरेच आहे. उभ्या माणसाच्या बुटाचा तळ कधी दिसत नाही. पण तिने मला घरी पुन्हा बोलावले आहे. जुनी एक ट्रंक आहे, ती अजून उघडलेली नाही म्हणाली. दिवाळीनंतर मी जाणार आहे.